विश्लेषण : लेक पॉवेलवर नौकासहल आखताना पाण्याची पातळी आधी का पाहावी?

अमेरिकेच्या ॲरिझोना आणि युटा राज्यांच्या सीमेवर, लाल खडकांच्या वाळवंटात कोलोरॅडो नदीवर तयार झालेले लेक पॉवेल हे नौकाविहाराचे जगप्रसिद्ध ठिकाण आहे. हॉर्स-शू बेंड आणि अँटिलोप कॅन्यन पाहायला पेज गावात येणारे अनेक पर्यटक एक-दोन दिवस या पाण्यावर घालवण्याचा बेत करतात. फिनिक्स, लास व्हेगास किंवा कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबे आणि सुट्टीत भारतातून त्यांच्याकडे आलेले आई-वडीलही त्यांत असतात. मात्र गेल्या दोन दशकांत या सरोवराची पातळी इतकी खाली-वर झाली आहे, की गेल्या वर्षीचा नकाशा या वर्षी उपयोगी पडेलच याची खात्री नसते. त्यामुळे हॉटेल किंवा हाउसबोट ठरवण्याआधी काय तपासावे, कोणते धोके ओळखावेत आणि या सरोवराचे भवितव्य काय, याचा आढावा…

लेक पॉवेल नेमके काय आहे?

लेक पॉवेल हे नैसर्गिक सरोवर नाही. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाचा तो जलाशय आहे. धरणाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले. कामगारांसाठी १९५७ मध्ये उजाड माळावर एक वसाहत वसवण्यात आली, तेच आजचे पेज गाव. मार्च १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ग्लेन कॅन्यन नावाची सुंदर दरी हळूहळू पाण्याखाली गेली. जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरायला १७ वर्षे लागली. १९८० च्या जूनमध्ये पाणी पूर्ण पातळीला पोहोचले.

धरणाची उंची ७१० फूट, म्हणजे सुमारे २१६ मीटर आहे. जलाशयाची पूर्ण क्षमता सुमारे अडीच कोटी एकर-फूट मानली जाते. महाराष्ट्रातील वाचकांच्या ओळखीच्या एककात सांगायचे तर हे पाणी सुमारे १,१०० टीएमसी होते. कोयनेचा साठा १०५ टीएमसी आहे. म्हणजेच लेक पॉवेल पूर्ण भरले तर त्यात दहा कोयना मावतील. भरलेल्या स्थितीत जलाशयाची लांबी सुमारे ३०० किलोमीटर असते. मुख्य पात्राला दोन्ही बाजूंनी शेकडो अरुंद घळी येऊन मिळत असल्याने किनाऱ्याची लांबी तीन हजार किलोमीटरच्याही पुढे जाते. या घळींमध्ये शिरून, उभ्या लाल कड्यांच्या सावलीत नाव थांबवणे हेच इथल्या सहलीचे मुख्य आकर्षण आहे.

सरोवराचे नाव जॉन वेस्ली पॉवेल यांच्यावरून पडले आहे. अमेरिकी यादवी युद्धात उजवा हात गमावलेल्या या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये लाकडी नावांतून कोलोरॅडो नदीचा धाडसी प्रवास केला होता. ग्लेन कॅन्यन हे नावही त्यांनीच दिले. धरण आणि पाणी सोडण्याचे काम ‘ब्युरो ऑफ रेक्लेमेशन’ या संघराज्य सरकारच्या यंत्रणेकडे आहे. सरोवर आणि भोवतालचा परिसर १९७२ पासून ‘ग्लेन कॅन्यन राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र’ म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे. सहल आखणाऱ्याला या दोन्ही यंत्रणांची माहिती लागते. पाणी किती असेल हे पहिली यंत्रणा सांगते, तर कोणता धक्का सुरू आहे हे दुसरी.

पातळीचे आकडे कसे वाचायचे?

इथे पाण्याची पातळी टक्क्यांत कमी आणि समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत जास्त सांगितली जाते. चार आकडे लक्षात ठेवले तर बाकीचे चित्र स्पष्ट होते. ३,७०० फूट म्हणजे सरोवर पूर्ण भरलेले. ३,४९० फूट ही वीजनिर्मितीसाठी आवश्यक किमान पातळी आहे. त्याखाली पाणी गेले, तर धरणाची १,३२० मेगावॉट क्षमतेची जनित्रे चालू शकत नाहीत. ३,३७० फुटांना ‘डेड पूल’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडचा मृत साठा. त्याखालचे पाणी धरणातून पुढे सोडताच येत नाही. चौथा आकडा ३,५१९ फूट. २०२३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत जलाशय भरल्यानंतरची ही सर्वांत नीचांकी पातळी नोंदवली गेली. पूर्ण पातळीपेक्षा ती १८० फुटांहून अधिक खाली, म्हणजे साधारण अठरा मजली इमारतीइतकी खाली होती. त्या वेळी साठा क्षमतेच्या एक चतुर्थांशापेक्षाही कमी होता.

उलट टोकही या सरोवराने पाहिले आहे. १९८३ च्या उन्हाळ्यात बर्फ अचानक वितळल्याने पाणी ३,७०८ फुटांपर्यंत चढले. सांडव्याच्या दरवाजांवर चक्क प्लायवूडच्या फळ्या उभारून ते अडवावे लागले होते. २०२३ च्या नीचांकानंतरही असेच झाले. त्या हिवाळ्यात रॉकी पर्वतात भरपूर बर्फ पडला आणि काही महिन्यांत पातळी सुमारे ६५ फूट वाढली. पण २०२५ मध्ये ती पुन्हा घसरली. थोडक्यात, इथे पाऊस महत्त्वाचा नाही. शेकडो किलोमीटर दूर, कोलोरॅडो आणि वायोमिंगच्या डोंगरांवर हिवाळ्यात किती बर्फ साठला, यावर उन्हाळ्यातली सहल अवलंबून असते.

ब्युरो ऑफ रेक्लेमेशन दर महिन्याला पुढील २४ महिन्यांचा अंदाज जाहीर करते. त्यात पाणी कमी येण्याची, जास्त येण्याची आणि सर्वाधिक संभाव्य अशा वेगवेगळ्या शक्यतांनुसार पातळी दिलेली असते. जानेवारीत उन्हाळ्यासाठी हाउसबोट आरक्षित करणाऱ्याने एप्रिल-मेमध्ये हा अंदाज पुन्हा पाहणे गरजेचे ठरते.

पातळी घटली तर सहलीवर काय परिणाम होतो?

पहिला परिणाम बोट पाण्यात उतरवण्याच्या जागेवर, म्हणजे रॅम्पवर होतो. रॅम्प हा पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार असतो. पाणी त्याच्या टोकाखाली गेले की ट्रेलरवरून बोट उतरवता येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात वाहवीप येथील मुख्य रॅम्प मोठ्या हाउसबोटींसाठी अपुरा पडला होता. उत्तरेकडील हाइट येथील रॅम्प तर अनेक वर्षे पाण्यापासून दूर कोरडा पडून आहे. त्यानंतर काही ठिकाणी रॅम्प लांबवण्यात आले किंवा खोल पाण्यापर्यंत पोहोचणारे नवे उतार तयार करण्यात आले. तरीही ‘कोणता रॅम्प सुरू आहे आणि तिथून किती लांबीची बोट उतरते’ हे निघण्याच्या आदल्या आठवड्यात तपासावेच लागते. बुलफ्रॉग आणि हॉल्स क्रॉसिंग यांच्यात वाहने नेणारी फेरीबोटही पाणी खाली गेले की बंद पडते. मग समोरासमोरच्या या दोन धक्क्यांसाठी रस्त्याने लांबलचक वळसा घ्यावा लागतो.

दुसरा परिणाम अंतरावर होतो. वाहवीपहून निघाल्यावर ‘कॅसल रॉक कट’ नावाचा खोदलेला जवळचा मार्ग आहे. पातळी साधारण ३,५८० फुटांच्या खाली गेली की तो कोरडा पडतो. मग मुख्य पात्राने वळसा घालून जावे लागते. हाउसबोट ताशी जेमतेम १२ ते १६ किलोमीटर वेगाने चालते. त्यामुळे या एका वळशात सकाळचा बराच वेळ आणि बरेच इंधन खर्ची पडते.

तिसरा परिणाम दिसत नाही, पण तो अधिक धोकादायक आहे. पाणी उतरले की कालपर्यंत खोल असलेले सुळके, बेटे आणि खडक पृष्ठभागाच्या जवळ येतात. मुख्य मार्गावर धरणापासूनच्या अंतराचे आकडे लिहिलेले तरंगते खुणेचे पिंप, म्हणजे बॉय, असतात. प्रवाहाच्या वर जाताना लाल खुणा उजवीकडे आणि हिरव्या डावीकडे ठेवायच्या, हा नियम. मात्र बाजूच्या घळींमध्ये अशा खुणा सहसा नसतात. तिथे वेग कमी करून, खोली दाखवणारे यंत्र पाहत आणि एकाला पुढे लक्ष ठेवायला बसवूनच जावे लागते. नव्याने उघड्या पडलेल्या गाळाच्या किनाऱ्यावर दलदलीसारखी वाळूही असते. पाय ठेवताच माणूस गुडघ्यापर्यंत रुतू शकतो.

पाणी घटल्याचा एक आगळा परिणामही आहे. साठ वर्षांपूर्वी बुडालेली ग्लेन कॅन्यनमधील काही ठिकाणे पुन्हा वर आली. ‘कॅथीड्रल इन द डेझर्ट’ नावाची धबधब्याची गुहा आणि ‘ग्रेगरी नॅचरल ब्रिज’ ही नैसर्गिक कमान २०२१ नंतर पर्यटकांना दिसू लागली. काहींच्या दृष्टीने सरोवर आटत होते, तर काहींच्या दृष्टीने दरी परत येत होती. तिथवर पोहोचता येईल की नाही, हेही त्या महिन्याच्या पातळीवरच ठरते.

सहलीसाठी योग्य काळ कोणता?

मे-जूनमध्ये बर्फाचे पाणी येत असल्याने सरोवर भरत असते. हवा सुखद असते, पण पाणी अजून गार असते आणि दुपारनंतर वारे जोरात वाहतात. पाणी वेगाने चढत असताना रात्री किनाऱ्याला लावलेल्या हाउसबोटीचे दोर सकाळी सैल पडलेले आढळतात. ते रोज पाहून पुन्हा ताणावे लागतात. पाणी उतरणीला लागले की उलट घडते, आणि बोट वाळूवर टेकून अडकू शकते.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पोहण्याजोगे कोमट होते. मात्र हवेचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते, गर्दी सर्वाधिक असते आणि त्याच काळात या भागात पावसाळी वादळे येतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी अजून उबदार, वारा कमी आणि गर्दी ओसरलेली असते. शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नसलेल्यांसाठी हाच काळ उत्तम मानला जातो. हिवाळ्यात सरोवर खुले असते, पण पाणी अतिशय थंड असते आणि सोयी मोजक्याच असतात. भारतातून येणारे पालक बहुतेक वेळा मे ते ऑगस्टदरम्यान अमेरिकेत असतात. त्यांना घेऊन जायचे असेल तर पहाटे लवकर निघून अकरा-बाराच्या आत सावलीच्या घळीत पोहोचणे श्रेयस्कर. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर धरावे. सरोवरात पाणी अथांग दिसत असले, तरी ते शुद्ध केल्याशिवाय पिण्याचे नव्हे.

कोणती बोट आणि किती इंधन?

सरोवरावर मुख्यतः चार प्रकारे जाता येते. एक, कंपनीच्या मोठ्या बोटीतून तिकीट काढून केलेली मार्गदर्शकासह सहल. दोन, दिवसभरासाठी भाड्याने घेतलेली छोटी मोटरबोट किंवा पाँटून, म्हणजे सपाट तळाची तरंगती बोट. तीन, काही दिवस मुक्कामासाठी हाउसबोट. चार, कयाक किंवा पॅडलबोर्ड. बोटीचा अजिबात अनुभव नसलेल्या कुटुंबासाठी पहिला पर्याय सर्वांत सोपा. हाउसबोट भाड्याने घेताना कंपनीकडून प्राथमिक प्रशिक्षण मिळते. पण पन्नास-साठ फूट लांबीची ही तरंगती इमारत वाऱ्यात वळवणे आणि वाळूत नांगर पुरून किनाऱ्याला बांधणे हे तासाभरात येणारे काम नाही. त्यामुळे किमान दोन धडधाकट प्रौढांना ते जमायला हवे. भाड्याच्या हाउसबोटी अंधारात चालवण्यास सहसा मनाई असते. म्हणून मुक्कामाची जागा दुपारीच गाठावी लागते.

इंधनाचे गणित पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे. वाहवीप आणि बुलफ्रॉग यांच्या दरम्यान ‘डँगलिंग रोप’ नावाचा तरंगता धक्का होता. तिथे रस्ता जात नसे, पण पेट्रोल आणि आइस्क्रीम मिळत असे. वादळातील नुकसान आणि घटलेली पातळी यांमुळे तो बंद झाला. आता या दोन ठिकाणांमधील सुमारे दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात इंधनाची सोय नाही. जुनेजाणते नावाडी तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळतात. एक तृतीयांश इंधन जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेले वारा, चुकलेली वाट किंवा मदतीसाठी राखीव.

या हिशोबाची कसोटी लागते ती ‘रेनबो ब्रिज’ला जाताना. जगातील सर्वांत मोठ्या नैसर्गिक पुलांपैकी एक असलेली ही २९० फूट उंच दगडी कमान वाहवीपहून पाण्याने सुमारे ८० किलोमीटरवर आहे. म्हणजे जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरहून अधिक. वेगवान बोटीने हा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम होतो. पातळी कमी असताना धक्क्यापासून कमानीपर्यंत चालण्याचे अंतरही वाढते. तिथला धक्का सुरू आहे का, हे आधी विचारणे आवश्यक. नवाहो आणि या भागातील इतर आदिवासी समाजांसाठी हे स्थान पवित्र आहे. त्यामुळे कमानीखालून न चालण्याची विनंती पर्यटकांना केली जाते.

धरणाखालच्या नदीत वेगळे काय?

धरणाच्या भिंतीपासून लीज फेरीपर्यंतचा सुमारे २५ किलोमीटरचा पट्टा ही ग्लेन कॅन्यनची पाण्याखाली न गेलेली शेवटची दरी आहे. इथे खळाळते उतार नाहीत, पात्र शांत आहे आणि वर पाहिले की हजार फूट उंचीवर हॉर्स-शू बेंडच्या कठड्यावरचे पर्यटक मुंग्यांएवढे दिसतात. लीज फेरीहून परवानाधारक मोटरबोट कयाक आणि माणसांना प्रवाहाच्या वर नेऊन सोडते. मग वल्हवत आरामात खाली यायचे, ही पद्धत लोकप्रिय आहे. वाटेत नेमून दिलेल्या जागांवर मुक्काम करता येतो.

मात्र सरोवर आणि नदी यांत दोन मोठे फरक आहेत. पहिला थंडीचा. धरणातून पाणी खोलवरून येते. सरोवर भरलेले असताना ते आठ-दहा अंश सेल्सिअसइतके थंड असते. पातळी घटल्यावर ते काहीसे कोमट झाले असले, तरी बाहेर ४० अंश असताना अचानक या पाण्यात पडणाऱ्याला श्वास आवरत नाही आणि हातपाय काही मिनिटांत निकामी होऊ शकतात. दुसरा फरक विसर्गाचा. विजेच्या मागणीनुसार धरणातून सोडले जाणारे पाणी दिवसात कमी-जास्त होते. संध्याकाळी वाळूवर ओढून ठेवलेली कयाक रात्री वाढलेल्या पाण्यात वाहून गेली, तर चालत बाहेर पडायला रस्ता नाही. म्हणून कयाक शक्य तितकी वर ओढून बांधणे हा इथला पहिला धडा.

लीज फेरीच्या खाली ग्रँड कॅन्यनचा प्रवास सुरू होतो. तो खडतर उतारांचा, अनेक दिवसांचा आणि पूर्णपणे वेगळा विषय आहे. स्वतःच्या बोटीने जायचे असेल तर त्यासाठी सोडत पद्धतीने परवाना मिळवावा लागतो. लीज फेरीच्या पुढे चुकूनही वाहत जायचे नाही, हे कयाकवाल्यांना आवर्जून सांगितले जाते.

सर्वांत मोठे धोके कोणते?

बुडणे हा पहिला. अमेरिकी तटरक्षक दलाच्या आकडेवारीनुसार नौकाविहारात बुडून मृत्यू पावलेल्या दर पाच जणांपैकी चारांहून अधिकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. बोटीत प्रत्येकासाठी मापाचे जॅकेट असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते अंगात घालणे सक्तीचे आहे. पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही ते घातलेलेच बरे. ज्येष्ठांसाठीची जॅकेटे भाड्याच्या बोटीत योग्य मापाची मिळतीलच असे नाही. ती आधी घालून पाहावीत.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्टपणे जोडला जातो. हाउसबोटीचे इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या बाजूच्या फळीखाली तो साठतो, आणि पोहायला मुले नेमकी तिथेच जमतात. २००० मध्ये लेक पॉवेलवर हाउसबोटीच्या मागे झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने इथे तपास केला आणि बोटींच्या रचनेतील त्रुटी उघड झाल्या. त्यानंतर बदल झाले, तरी नियम साधा आहे. इंजिन किंवा जनरेटर चालू असेल तर बोटीच्या मागे कोणीही पाण्यात उतरायचे नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे दिसली, तर ‘ऊन लागले असेल’ असे गृहीत न धरता त्या व्यक्तीला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे.

तिसरा धोका वाऱ्याचा. वाहवीप आणि पाद्रे बे या विस्तीर्ण भागांत दुपारी अचानक वादळी वारे सुटतात आणि उभ्या कड्यांवर आपटून परतणाऱ्या लाटा सर्व बाजूंनी येतात. अशा वेळी मोकळे पाणी ओलांडण्याचा हट्ट सोडून जवळच्या घळीत आसरा घेणे योग्य.

चौथा धोका पुराचा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. त्या वेळी घळीवर जवळपास पाऊसच नव्हता. तो कित्येक किलोमीटर दूर पडला होता. वाळवंटातील कडक जमीन पाणी शोषत नाही आणि ते सरळ घळीत उतरते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या काळात अरुंद घळीत पायी शिरण्याआधी संपूर्ण परिसराचा हवामान अंदाज पाहावा आणि घळीच्या तोंडाशी, प्रवाहाच्या वाटेत बोट बांधून झोपू नये.

यांखेरीज कड्यावरून उड्या मारण्याचा मोह अनेकांना होतो. १५ फूट किंवा त्याहून उंच कड्यावरून उडी मारणे इथे नियमानेच निषिद्ध आहे. पाण्याची पातळी बदलत असल्याने गेल्या वर्षी सुरक्षित असलेल्या जागी यंदा खाली खडक असू शकतो.

कोणते नियम पाळावे लागतात?

वाहनासाठी आणि स्वतःच्या बोटीसाठी स्वतंत्र प्रवेशशुल्क आहे. किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्यांना स्वतःचे शौचपात्र बरोबर नेऊन मैला परत आणावा लागतो. दारू पिऊन बोट चालवणे हा मोटार चालवण्याइतकाच गुन्हा आहे. सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरची जमीन नवाहो राष्ट्राची आहे. तिथे वर चढून भटकण्यासाठी त्यांचा परवाना लागतो आणि अँटिलोप कॅन्यनचा प्रसिद्ध भाग केवळ नवाहो मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतो.

स्वतःची बोट नेणाऱ्यांसाठी सर्वांत कडक नियम क्वागा शिंपल्यांचा आहे. नखाएवढे हे परदेशी शिंपले या सरोवरात पसरले आहेत. ते पाइप, इंजिन आणि धरणाच्या यंत्रणेत गच्च चिकटून बसतात. एक मादी वर्षाला लाखो अंडी घालते. त्यांचा प्रसार बोटीत राहिलेल्या पाण्यातून होतो. म्हणून सरोवर सोडताना बोट स्वच्छ करणे, सर्व बुचे काढून पाणी काढणे आणि दुसऱ्या जलाशयात नेण्याआधी ऋतूनुसार ठरलेले दिवस ती वाळवणे बंधनकारक आहे.

फोनवर विसंबून चालेल का?

नाही. धरणाचा परिसर सोडला की बहुतेक घळींमध्ये मोबाइलला रेंज नसते. नकाशे आणि हवामानाचा अंदाज आधीच डाउनलोड करून ठेवावा. कागदी नकाशा बरोबर घ्यावा. मदतीसाठी बोटीवरील व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनल वापरला जातो. मात्र उंच कड्यांमुळे तोही सर्वत्र पोहोचत नाही, म्हणून लांबच्या मुक्कामासाठी उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र उपयोगी पडते. कोण, कोणत्या बोटीने, कुठे चालले आहे आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावरील एका जबाबदार व्यक्तीकडे लिहून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

फोनची आणखी एक गंमत इथे अनेकांना महागात पडते. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केले जात नाही. युटात आणि नवाहो राष्ट्रात ते केले जाते. पेजच्या आसपास फोन कोणत्या टॉवरला जोडला गेला आहे, त्यानुसार त्यावरची वेळ एका तासाने बदलते. परिणामी लोक सहलीच्या बोटीला तासभर उशिरा किंवा लवकर पोहोचतात. आरक्षण करताना ‘कोणती वेळ’ हे विचारून फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय.

सरोवराचे भवितव्य काय?

१९२२ च्या कराराने कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांत वाटण्यात आले. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे मिळून सुमारे ६५० टीएमसी पाणी देण्याचे ठरले. १९४४ च्या करारानुसार मेक्सिकोचा वाटा त्यात वाढला. मात्र हे गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या असाधारण ओल्या वर्षांवर आधारलेले होते. २००० पासूनच्या दीर्घ दुष्काळात आणि वाढत्या तापमानात नदीत तेवढे पाणी येतच नाही. चार कोटी लोक आणि लाखो एकर शेती या नदीवर अवलंबून आहे.

लेक पॉवेल आणि खालच्या लेक मीडमधून किती पाणी सोडायचे, हे ठरवणाऱ्या २००७ च्या नियमावलीची मुदत २०२६ अखेरीस संपते. तिच्या जागी काय येणार, यावर राज्यांमध्ये तीव्र मतभेद आहेत. पॉवेलमध्ये पाणी राखले, तर वीज, पेजची अर्थव्यवस्था आणि पर्यटन टिकते. ते खाली सोडले, तर ॲरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या शहरांची व शेतीची तहान भागते. धरण निरुपयोगी ठरवून दरी मोकळी करावी, अशी पर्यावरणवाद्यांच्या एका गटाची जुनी मागणीही आहे.

पर्यटकासाठी याचा अर्थ असा, की पुढील काही वर्षे पातळी केवळ बर्फावर नव्हे, तर वाटाघाटींवरही ठरेल. तोपर्यंत आरक्षण करताना रद्द करण्याची मुभा असलेला पर्याय निवडणे, रॅम्प बंद पडल्यास दुसरा धक्का हाताशी ठेवणे आणि निघण्यापूर्वी पातळी, रॅम्प, वारा व हवामान या चार गोष्टी पुन्हा तपासणे, एवढी तयारी प्रत्येकाला करावी लागेल.